मागच्या सीटवरची मराठी

दोन वर्षांपूर्वी, सीताफळांचा हंगाम सरत आला असताना, सिरसाळ्याच्या आठवडी बाजारात घाटनांदूरच्या एका तरुणाने आपल्या होऊ घातलेल्या सासऱ्याला भर गर्दीत ‘चल पुढं बे’ असे सांगितले. त्याच दिवशी संध्याकाळी त्याचे लग्न ठरले. ज्यांच्या गाड्यावर हा प्रकार घडला ते तेलगावचे फळविक्रेते होते आणि त्या तरुणाचे गुरू होते. पंचक्रोशीत त्यांना पुणेकर चाचा म्हणत.

चाचांचा जन्म तेलगावचा. वडील फळे विकत, आजोबाही फळेच विकत. पुणेकर हे आडनाव नव्हते, पद होते. तरुणपणी ते पुण्याला गेले, एका प्राध्यापकांच्या घरी ड्रायव्हर म्हणून राहिले आणि दाढी पांढरी झाल्यावर परत आले. येताना त्यांनी एक घडीची खुर्ची, गुडघेदुखी आणि पुण्याची मराठी आणली. खुर्ची मोडली. बाकीच्या दोन गोष्टी टिकल्या.

मी तेव्हा एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहर होतो आणि तेलगावच्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीत बसून बातम्या लिहीत असे. चाचांचा गाडा समोरच होता. त्यामुळे पुढच्या मजकुरातला बराच भाग मी स्वतः पाहिलेला आहे. जे पाहिले नाही ते कुणाकडून कळले हे त्या त्या जागी दिले आहे.

गाड्यामागे ताडपत्री बांधलेली होती. तिच्याखाली चाचांचा वर्ग भरे. पुण्याला नोकरीसाठी निघालेल्या मुलांना ते पुण्याची मराठी शिकवत. फी नव्हती. अट एकच होती : वर्ग चालू असताना गिऱ्हाईक आले तरी कुणी उठायचे नाही. ‘पुण्यात दुकानदार उठत न्हाई,’ असे त्यांचे म्हणणे होते.

वर्गात प्लास्टिकच्या चार खुर्च्या असत. दोन पुढे, दोन मागे, चारही रस्त्याकडे तोंड केलेल्या. पुढच्या उजव्या खुर्चीवर चाचा बसत. डावी रिकामी राही. विद्यार्थी मागे. डोक्यावर पाटी घेताना खाली ठेवतात ती कापडाची चुंबळ चाचा दोन्ही हातांत धरत आणि तिचे स्टिअरिंग करत. गाडी सुरू झाली की ते पूर्ण वेळ समोर बघत. विद्यार्थ्याचे तोंड त्यांनी शिकवताना कधी पाहिले नाही. ‘डायवरनं मागं बघायचं नसतं,’ ते सांगत.

कारण उघड होते. चाचा ही भाषा गाडी चालवता चालवता शिकले होते. प्राध्यापकांच्या पत्नी, ज्यांना चाचा फक्त ‘बाई’ म्हणत, मागच्या सीटवर बसत आणि बोलत. चाचा ऐकत. त्यामुळे त्यांच्या अभ्यासक्रमाला धडे नव्हते, रस्ता होता. घरून निघायचे, दवाखाना, मंडई, देऊळ, बाईंच्या धाकट्या बहिणीचे घर आणि परत. दवाखान्याच्या वळणावर आजारपणाची वाक्ये, मंडईत भाजीची, बहिणीच्या घराजवळ नातेवाइकांविषयीची. जुने विद्यार्थी बोलताना वळणावर किंचित कलत. तेलगावात कुणी बोलता बोलता डावीकडे झुकला की तो चाचांचा आहे हे कळे.

गणेश त्यांच्याकडे आला तेव्हा मी टपरीतच होतो. घाटनांदूरच्या लिंगायत वाण्याचा हा थोरला मुलगा, अंगाने दांडगा, तेलगावला बहिणीकडे राहून वर्गाला येई. त्याची अडचण साधी होती. सिरसाळ्याच्या एका भुसार आडत्याची मुलगी शीतल त्याने पाहिली होती. त्याला ती पसंत होती, तिला तो पसंत होता. आडत्याने एकच सांगितले होते, “पोरगा पुण्याला लागू द्या, मंग बोलू. किराण्याच्या दुकानात पोरगी देत न्हाई मी.” गणेशने पुण्यात दोन मुलाखती दिल्या. दोन्हीकडे ‘भाषा सुधारा’ असे सांगून परत पाठवले. शीतलला दुसरी स्थळे येऊ लागली होती.

“मंडई आली,” चाचा समोर बघत म्हणाले. “बोल.”

“वांगी लई महाग हायेत,” मागून गणेश म्हणाला.

चाचांनी जमिनीवर पाय दाबला. गाडी थांबली.

“बाई उतरल्या,” ते म्हणाले. “चालत घरी गेल्या. आता नीट बोल.”

“वांगी... फार महाग आहेत.”

“महाग म्हणायचंच न्हाई. पुण्यात महाग असं कुणी सांगत न्हाई.” आणि मग चाचांचा आवाज बदलला. तो पातळ झाला, स्वच्छ झाला, नाकातून आला. “‘अगंबाई, ही विकायला आहेत होय? मला वाटलं, शोभेला ठेवलीत.’ हं. म्हण.”

एवढ्यात एक शेतकरी गाड्याशी आला. “ओ चाचा, सीताफळं कशी दिली?”

चाचा समोरच बघत होते. “दिलेली नाहीत. अजून इथेच आहेत.”

“आं?”

“आणि ओरडू नका. आम्हाला ऐकू येतं.”

“डोकं फिरलं का काय ह्या माणसाचं?” शेतकऱ्याने टपरीकडे बघून विचारले.

गाड्यामागून चाची उठल्या. वर्गाची अट त्यांना लागू नव्हती. “इनकू छोडो भाऊ,” त्या तराजू उचलत म्हणाल्या. “इनो अबी मंडई में हैं.”

चाचांची काही ठरलेली वाक्ये होती. ‘पुण्यात आवाज खाली, नाक वर,’ हे पहिल्या दिवशी सांगत. बोली माणसाच्या तोंडातून कशी गळते याविषयीही त्यांचे मत पक्के होते. आधी ‘हाय’ जातो, मग ‘लई’ जातो. ‘न्हाई’ सगळ्यात शेवटी जातो, कारण नकार घाईत द्यावा लागतो आणि घाईत माणूस आपल्या गावातच असतो. स्वतः चाचांचा ‘न्हाई’ कधीच गेला नाही. त्याविषयी विचारल्यावर ते म्हणाले, “मी मास्तर हाय. मला परीक्षा न्हाई.”

ही मराठी पुण्याची आहे याबद्दल तेलगावात कुणाला शंका नव्हती. पडताळून बघायला दुसरा पुणेकर नव्हता. मी वर्गावर एक लहान बातमी लिहिली. ती आतल्या पानावर, खतांच्या जाहिरातीखाली आली. चाचांनी ती सीताफळे गुंडाळायला वापरली.

दिवाळी होऊन गेल्यावर गणेश पुण्याला गेला. त्याच्याकडून पहिला फोन आला तो चाचांनी मला ऐकवला, कारण त्यांना स्पीकर बंद करता येत नव्हता.

“चाचा, हितं पुणेरी कुणीच बोलत न्हाई.”

“असं कसं होईल?”

“खोलीवर एक नांदेडचा हाय, एक जळगावचा, एक सांगलीचा. घरमालक लातूरचा. मेसवाली बार्शीची. नांदेडचा सांगलीवाल्यासारखा बोलायलाय अन् सांगलीवाला ‘बे’ म्हणायलाय. मी बोललो की समदे गप होऊन बघायलेत.”

“बघणारच. शिकायलेत ते.”

“कुणाशी बोलू मी? एक तरी पुण्याचा दावा.”

चाचांनी थोडा विचार केला. “घरात असतील,” ते म्हणाले. “बाईबी उन्हात निघत नव्हत्या.”

खोलीवरच्या त्या मुलांविषयी गणेशने नंतर आणखी एक गोष्ट सांगितली. सहा महिन्यांत सगळ्यांची बोली एकसारखी झाली होती आणि ती कुणाच्याच गावाची नव्हती. मात्र घरून फोन आला की प्रत्येकजण गॅलरीत जाई, दार ओढून घेई आणि आपल्या गावात बोले. गॅलरी एकच असल्याने रविवारी रांग लागे.

नोकरी त्याला एका औषधे घरपोच करणाऱ्या कंपनीत मिळाली. हे कसे झाले ते त्याने सांगितले आणि त्याच्या खोलीवरच्या नांदेडच्या मित्राने त्याला दुजोरा दिला. हा मित्र तिथेच कामाला होता. मुलाखत चालू असताना एका आजींचा फोन आला. रक्तदाबाच्या गोळ्या पोहोचल्या नव्हत्या. तीन जणांनी समजूत घातली; आजींनी तिघांनाही ‘तुम्ही मराठी माणसाला फोन द्या’ असे सांगितले. तिघेही मराठी होते. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी फोन गणेशच्या हातात दिला. त्याने डोळे मिटले. नांदेडच्या मित्राच्या म्हणण्यानुसार तो किंचित डावीकडे कलला.

“अगंबाई,” गणेश म्हणाला, “अजून आल्या नाहीत गोळ्या? काय बाई एकेकाची कामं! आणि तुम्ही उपाशी तर नाही ना राहिलात?”

पलीकडे आजी बोलू लागल्या. गुडघे, सून, सोसायटीची लिफ्ट. गणेश दवाखान्याच्या वळणावरून बहिणीच्या घरापर्यंत गेला आणि सुखरूप परतला. आजींनी गोळ्यांसोबत च्यवनप्राश मागवला. त्याला त्याच दिवशी नेमले गेले. महिन्याभरात पुण्यातल्या पेठांमधून ‘त्या नीट बोलणाऱ्या मुलाला द्या’ असे फोन येऊ लागले. काही जणी ‘मुलाला’ न म्हणता ‘त्या बाईंना’ म्हणत. कंपनीने हे दुरुस्त केले नाही.

म्हणजे तेलगावात जिला पुण्याची मराठी समजत होते, ती पुण्यातल्या सत्तरीपुढच्या काही गृहिणींची मराठी होती. वीसेक तरुण ती बोलत बीड जिल्ह्यातून बाहेर पडले होते. त्यांत एक जण पहिलवान होता.

बातमी सिरसाळ्याला पोहोचली. आडत्याने स्वतः अभिनंदनाचा फोन केला. गणेश तेव्हा कामावर होता. कानाला यंत्र, डोळे मिटलेले. त्याने फोन उचलला आणि म्हणाला, “अगंबाई, मामा का! इश्श, किती दिवसांनी आठवण काढलीत!”

आडत्याने फोन बायकोकडे दिला. “कोण बाई बोलायली बघ बरं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटारसायकलवरून तेलगावला आला. मी टपरीत होतो. वर्ग चालू होता, दोन मुले मागे बसली होती. आडत्या थेट पुढच्या रिकाम्या खुर्चीवर बसला. त्या खुर्चीवर याआधी कुणी बसलेले मी पाहिले नव्हते.

“चाचा, काय केलं हे तुमी?”

“काय केलं?” चाचा समोर बघत होते.

“पोराची बाई केली! माझ्या बायकूला वाटलं, पुण्यात दुसरी ठिवली त्यानं. मी सांगितलं, दुसरी न्हाई, तोच हाय. तर ती जास्तच रडायली.”

“पुण्याची भाषा हाय ती.”

“पुण्याला मी दर महिन्याला जातो माल घेऊन. असं बोलताना एक गडी दाखवा मला. एक! म्हाताऱ्या बोलतात असं. मार्केट यार्डात एक येती, तराजूवर बोट ठिवून बोलती. अगदी अशीच!”

चाचांच्या हातात चुंबळ होती. त्यांनी ती थोडी डावीकडे वळवली, मग सरळ केली.

“साहेब कसं बोलायचे मंग?” आडत्याने विचारले. “घरात गडी होता की न्हाई? त्याचं का न्हाई शिकिवलं?”

“साहेब माझ्याशी बोलत नव्हते,” चाचा म्हणाले. “बाईच बोलायच्या.”

“बाकी कुणी?”

“बाकी समदे हिंदीत बोलायचे. टोपी बघून.”

मागच्या मुलांपैकी एकाने हळूच विचारले, “चाचा, मंडई आली का?” चाचांनी चुंबळ मांडीवर ठेवली. आडत्या उठला. जाताना म्हणाला, “पोरगा वाईट न्हाई. पण उद्या माझ्या दारात चार माणसांत बोलंल ना तो. मला तोंड दाखवायचं हाय गावात. न्हाई जमायचं.”

चाचांनी त्या दिवशी गाडी मध्येच थांबवली. मुलांना घरी पाठवले. दुपारी त्यांनी चारही खुर्च्या टपरीवाल्याला देऊन टाकल्या. वर्ग पुन्हा भरला नाही.

शीतलचे म्हणणे कुणी विचारले नव्हते. तिने ते लग्नानंतर मला सांगितले. ती त्या रात्री गणेशशी फोनवर बोलली होती. “मी म्हणलं, तुमी कसं बी बोला. आमच्या घरात सारखा आरडाओरडा असतो. तुमचं ते ‘उपाशी तर नाही ना राहिलात’ ऐकून बरं वाटलं मला. पण बाबांपुढं तेवढं नका बोलू.” गणेशने तिला सांगितले की प्रयत्न करून पाहिला आहे, आता दुसरे काही निघत नाही. गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊनही निघत नाही.

पुढच्या हंगामापर्यंत दोघांचे असेच चालले. शीतलने आलेली स्थळे एकेक करून परतवली. एकाची उंची कमी होती, एकाची जास्त होती. सीताफळे संपत आली तेव्हा चाचांनी गणेशला सुट्टी घेऊन बोलावले आणि बाजाराच्या दिवशी सिरसाळ्याला नेले. मीही गेलो होतो. आडत्याचे दुकान बाजाराच्या तोंडावरच आहे. गाडा त्याच्यासमोर लावला.

“मी काय करू?” गणेशने विचारले.

“इक.”

“काय म्हणून ओरडू?”

“मी न्हाई सांगणार,” चाचा म्हणाले आणि त्याच्यामागे उलट्या क्रेटवर जाऊन बसले. बाजार संपेपर्यंत ते तिथेच होते.

गणेशने सुरुवात केली. “सीताफळं घ्या हो. कालची आहेत, खोटं कशाला सांगू? बिया मात्र आहेत.” माणसे थांबत, ऐकत आणि पुढच्या गाड्यावर जाऊन घेत. एका म्हाताऱ्याने त्याला घसा धरल्याचे औषध सांगितले. दुपार झाली. पाटीतला थर तसाच होता. चाची तेलगावहून भाकरी घेऊन आल्या, पाटीकडे बघून चाचांना म्हणाल्या, “पूरा माल सडा देंगे तुमी.”

उन्हे कलल्यावर आडत्या दुकानातून उतरला. त्याने इकडेतिकडे पाहिले नाही. गाड्याशी येऊन एक सीताफळ उचलले आणि अंगठ्याने दाबले.

सीताफळ दाबून बघत नाहीत. दाबलेले दुसऱ्या दिवशी काळे पडते आणि कुणी घेत नाही. हे बालाघाटाच्या पायथ्याला लहान मुलालाही माहीत आहे. आडत्याला तर होतेच.

“अहो मामा, असं दाबू नये,” गणेश म्हणाला. “नाजूक असतं ते.”

आडत्याने ते ठेवले, दुसरे घेतले, दाबले. साल फुटली.

“मामा, बघून घ्या की. डोळे आहेत ना देवाने दिलेले?”

तिसरे फुटले. गर आडत्याच्या मनगटावर आला. चौथे त्याने निवडून घेतले, सगळ्यात मोठे, डोळे उघडलेले, आणि त्यावर दोन्ही अंगठे ठेवले. गणेशच्या मानेवरची शीर वर आलेली मला दिसली.

“ए!” तो म्हणाला. आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेला. “कावून दाबायलास बे? तुझ्या बापानं लावलीत का झाडं? घ्यायचं असंल तर घे, न्हाईतर चल पुढं बे!”

बाजूच्या गाड्यावरचा कांदेवाला तराजू धरून उभा राहिला. गणेशचा चेहरा उतरला. त्याने तोंडावर हात ठेवला. क्रेटवर चाचा हलले नाहीत.

आडत्याने मनगट धोतराला पुसले.

“आवाज तर चांगला हाय की,” तो म्हणाला. “मंग फोनवर काय झालतं?”

“मामा, मी... चुकून...”

“चुकून न्हाई, बरोबर हाय. माझ्या मालाला कुणी असा हात लावला तर मी बी हेच म्हणलो असतो.” मग तो मागच्या क्रेटकडे वळला. “चाचा, समदी पाटी तोला. घाटनांदूरच्या पाहुण्यांना चहाला बोलावलंय घरी, फळं लागतील.”

“फुटलेली बी?” चाचांनी विचारले.

“फुटलेली आधी.”

संध्याकाळी आडत्याच्या ओसरीवर बैठक झाली. घाटनांदूरहून गणेशचे वडील आले. शीतल चहा घेऊन आली तेव्हा गणेशने कप हातात घेऊन हळू आवाजात विचारले, “तुम्ही घेतलात का?” आडत्याने ऐकले. त्याने खाकरून दुसरीकडे पाहिले. सुपारी फुटली.

लग्न फाल्गुनात सिरसाळ्यात झाले. मांडव मोठा होता आणि गर्दी त्याहून मोठी. अक्षता वाटून झाल्या होत्या. लग्न लावणारे जंगम स्वामी अजून यायचे होते आणि मागच्या रांगांमधून पोरे पुढच्यांच्या डोक्यांवर तांदूळ मारू लागली होती. पंगतीच्या बाजूला चपला काढून माणसे आधीच सरकत होती. आडत्याने माईकवरून दोनदा ओरडून पाहिले. मग त्याने गर्दीत चाचांना शोधले, हाताला धरून वर आणले आणि माईक त्यांच्या हातात दिला.

“चाचा,” तो म्हणाला, “काढा त्या बाईला बाहेर.”

वर्ग बंद झाल्यापासून चाचा तसे बोलल्याचे कुणी ऐकले नव्हते. त्यांनी टोपी नीट केली. मांडवाकडे न बघता ते समोरच्या खांबाकडे बघत राहिले.

“लक्ष द्या,” ते म्हणाले. आवाज पातळ, स्वच्छ, नाकातून. “अक्षता हातात धरण्यासाठी दिलेल्या आहेत. ‘सावधान’ म्हटल्यावर टाकायच्या. आधी टाकल्यास दुसऱ्या मिळणार नाहीत. जेवण आहे. भरपूर आहे. ते पळून जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका. ज्यांनी चपला काढल्या आहेत, त्यांनी त्या परत घालाव्यात. आम्हाला दिसतंय.”

मांडव शांत झाला. पंगतीच्या बाजूला चपला घालण्याचा आवाज आला. स्वामी आले, अंतरपाट धरला गेला. पहिल्या ‘सावधान’पर्यंत एकही दाणा पडला नाही.